न्यायसहायक विज्ञानातील तज्ज्ञ : पद की प्रमाणपत्र? – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
न्यायालयासमोर शास्त्रीय मत मांडणाऱ्या व्यक्तीची पात्रता कोणी व कशी ठरवावी, हा फौजदारी न्यायव्यवस्थेतील मूलभूत प्रश्न आहे. आरोपीचे स्वातंत्र्य अनेकदा या एका मतावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा भारतीय संदर्भात ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम ४५ ने ‘विशेष कुशल’ व्यक्तीचे मत ग्राह्य मानले. परंतु ही कुशलता पदवीने, अनुभवाने की परीक्षेने सिद्ध व्हावी, हे त्यात सांगितले नव्हते. तो निर्णय न्यायाधीशांवर सोपविला गेला. १८९७ मध्ये कलकत्ता येथे अंगुलीमुद्रा केंद्र स्थापन झाले आणि १८९९ च्या दुरुस्तीने बोटांच्या ठशांविषयीचे मतही या कलमात आले.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम २९३ ने वेगळा मार्ग स्वीकारला. रासायनिक परीक्षक, अंगुलीमुद्रा केंद्राचे संचालक, मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे संचालक इत्यादींचा अहवाल प्रत्यक्ष साक्षीविना पुरावा म्हणून वापरता येऊ लागला. न्यायालयास तज्ज्ञाला पाचारण करण्याचा अधिकार होता; तथापि विश्वासाचा आधार परीक्षित कौशल्य नव्हे, तर शासकीय पद हा होता. यास ठळक अपवाद अंगुलीमुद्रा तज्ज्ञांचा. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय अंगुलीमुद्रा केंद्रामार्फत त्यांच्यासाठी अखिल भारतीय मंडळ परीक्षा घेतली जाते.

परदेशातील अनुभव :
ब्रिटनमध्ये २००० साली तज्ज्ञांची ऐच्छिक नोंदवही सुरू झाली. ती २००९ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने व्यक्तिगत प्रमाणीकरण सक्तीचे करण्याची शिफारस केली. ऐच्छिक व्यवस्था टिकवणे किती कठीण असते, हे ब्रिटनच्या अनुभवावरून दिसून येते.

निष्कर्ष :
१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळास भेट देणे अपेक्षित आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे तज्ज्ञांची गरज वाढणार; ‘विशेष कुशल’ ही संज्ञा मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्येही कायम आहे. अशा वेळी अंगुलीमुद्रा परीक्षेचा आदर्श रक्त, विष, शस्त्रे, हस्ताक्षर या शाखांनाही लागू करणे आणि ठरावीक काळाने फेरपरीक्षा घेणे इष्ट ठरेल. प्रमाणपत्र उलटतपासणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु त्यामुळे उलटतपासणीस निश्चित आधार मिळतो.