सुकेळी : वसईच्या वाडीतले मिष्टान्न

स्वित्झर्लंडात कोकोचे झाड उगवत नाही. तरीही १८७५च्या सुमारास डॅनिएल पेटरने तिथे दुधाचे चॉकलेट तयार केले, १८७९मध्ये रोडोल्फ लिंटने चॉकलेट तासन्‌तास घोटून मुलायम करण्याची रीत शोधली आणि परक्या बियांवर एका देशाची कीर्ती उभी राहिली. आमच्या वसईत फळही इथले आणि कसबही इथले.

राजेळी केळी पिकू द्यायची, सोलायची, कित्येक दिवस उन्हात उलटसुलट करीत वाळवायची. मधाचा रंग चढला की केळीच्याच वाळक्या पानांत बांधायची. साखर मुळीच नाही. आगाशीची सुकेळी जिल्ह्यात सर्वोत्तम असल्याची नोंद १९०८च्या इम्पीरियल गॅझेटिअरात सापडते.

तेव्हापासून उत्तर वसईतल्या कित्येक वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. २००९मध्ये महानगरपालिकाही झाली. चॉकलेटवाल्याला कोको समुद्रापलीकडून आणता येतो. सुकेळीला मात्र अंगणाचे मोकळे ऊन आणि शेजारची राजेळी लागते. ती वाडी विकली गेली की हातांतले कसब शिकवायचे कशावर? सुकेळीचा इतिहास लिहू जाता आम्ही अखेर जमिनीच्या इतिहासापाशी येऊन थांबतो, तो यामुळेच.