टूर द फ्रान्सचे प्रेक्षक

फ्रान्समध्ये दर उन्हाळ्यात होणारी ही व्यावसायिक सायकल शर्यत रस्त्याकडेला उभे राहून पाहणारा जनसमुदाय. शर्यत २१ टप्प्यांची, साधारण ३,४०० किमी.ची, मध्ये दोन दिवस विश्रांती. तिला मैदान नाही, म्हणून तिकीटही नाही. गावातला चौक, शेताचा बांध, घाटातले वळण, जिथे पाय टेकायला मिळेल ती आपली जागा.

गंमत अशी, की शर्यत सर्वांत कमी दिसते ती याच प्रेक्षकाला. सपाट रस्त्यावर पावणेदोनशेच्या आसपास सायकलपटूंचा जत्था (पेलोतों) समोरून अर्ध्या मिनिटात निघून जातो. पुढे कोण सुटला, किती मिनिटांनी, मागे कोण राहिला, हे दुसऱ्याने सांगावे लागते. मुळात ही शर्यत सुरू झाली तीच सांगण्यासाठी. ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचा खप वाढावा म्हणून संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ साली ती भरवली. सहा टप्पे, २,४२८ किमी.; ६० जण निघाले, २१ पोहोचले, मोरीस गारँ जिंकला. सबंध शर्यत कोणालाच पाहता येणे शक्य नव्हते, म्हणून तर अंक विकला जाई. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याच्या अंगावरची पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली. तिचा रंग त्या दैनिकाच्या पिवळ्या कागदावरून घेतल्याचे सांगतात. पुढे रेडिओ, दूरचित्रवाणी, हेलिकॉप्टरमधले कॅमेरे आले. घरी बसलेल्याला आता सारे दिसते. रस्त्यावरचा मात्र नाकासमोरची शर्यत आजही हातातल्या मोबाइलवरून समजून घेतो. तरीही तो जातो.

जातो आणि दिवसभर वाट पाहतो. रस्ता काही तास आधीच वाहनांना बंद होतो. मोठ्या घाटांत जागा धरण्यासाठी लोक राहत्या गाड्या घेऊन एक-दोन दिवस आधीच मुक्काम ठोकतात, डांबरावर पांढऱ्या रंगाने आवडत्या सायकलपटूचे नाव लिहितात, स्वयंपाक करतात, डुलक्या काढतात. सायकली येण्याच्या सुमारे दोन तास आधी जाहिरातदारांचा ताफा जातो. १९३० पासूनची ही प्रथा. चित्रविचित्र सजवलेल्या गाड्यांतून टोप्या, गोळ्या, सॉसेजची पाकिटे उधळली जातात, आणि ती झेलताना आजोबा नातवंडांचीही गय करत नाहीत. मग बराच वेळ काही नाही. हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली की जाणत्यांनी समजावे, आता आले. सर्वांत शेवटी, शर्यत सोडणाऱ्यांना उचलून घेणारी ‘झाडूगाडी’ जाते आणि दिवस संपतो.

मुरलेला प्रेक्षक सपाटी टाळून घाट गाठतो, त्याला कारण हवेचे आहे. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाने चालवणाऱ्याचे जवळजवळ एक तृतीयांश श्रम वाचतात, त्यामुळे सगळे एकमेकांना चिकटून राहतात. चढावर वेग पडतो, आडोशाचा उपयोग उरत नाही, जत्था फुटतो आणि माणसे एकेकटी येऊ लागतात. तेव्हा कुठे चेहरा दिसतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात उभे राहून ‘घाटाचा राजा’ कोण ठरतो हे पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. फ्रान्समध्ये या मानाची खूण म्हणजे लाल ठिपक्यांची जर्सी.

अशा चढांत आल्प द्युएझ सर्वांत गजबजलेला : सुमारे १३.८ किमी. लांबी, सरासरी आठ टक्के चढ आणि २१ वळणे. १९५२ मध्ये तो प्रथम शर्यतीत आला व फाउस्तो कोप्पीने तेथे बाजी मारली. १९७६ ते १९८९ या काळात डच सायकलपटूंनी हा टप्पा आठ वेळा जिंकला. त्यामुळे सातवे वळण ‘डच कोपरा’ झाले, नारिंगी कपड्यांनी आणि संगीताने दुमदुमणारे.

प्रेक्षकाचे प्रेम निकालाला बांधलेले नसते. रेमों पुलिदोर तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला. पिवळी जर्सी त्याला एक दिवसही मिळाली नाही. १९६४ मध्ये प्वी द दोमच्या चढावर तो जाक आंकतीलच्या खांद्याला खांदा घासत झुंजला आणि शेवटी ५५ सेकंदांनी शर्यत हरला. आंकतील पाच वेळा विजेता, पण लाडका ‘पुपू’ पुलिदोरच. त्याचा नातू माथ्यू व्हान देर पूल याने २०२१ मध्ये ती जर्सी घातली तेव्हा रस्त्याकडेच्या म्हाताऱ्यांना काय वाटले असेल, याचा अंदाज करता येतो.

कुंपण नसल्याची किंमतही मोजावी लागते. १९०४ मध्ये आपल्या भागातल्या सायकलपटूला पुढे काढण्यासाठी जमावाने रात्री इतरांवर हल्ला केला. १९७५ मध्ये प्वी द दोमवरच एका प्रेक्षकाने एडी मर्क्सला ठोसा मारला. त्या वर्षी मर्क्स हरला. १९९९ मध्ये आल्प द्युएझवर छायाचित्र काढणाऱ्या एकाने ज्युसेप्पे गुएरिनीला पाडले. गुएरिनी उठला आणि टप्पा जिंकला. २०२१ मध्ये पहिल्याच टप्प्यात एक तरुणी आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठ्याचा फलक दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याला दाखवत रस्त्यावर सरकली. जत्था येत होता त्या दिशेला तिची पाठ होती. टोनी मार्टिन फलकावर आदळला, मागचे त्याच्यावर कोसळले आणि जत्थ्याचा मोठा भाग रस्त्यावर आडवा झाला. न्यायालयाने तिला १,२०० युरो दंड केला.