धाकल्याची कंबर

माझ्या लहानपणी लोणारात 'शुगर' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. मधुमेह म्हणजे गादीवर बसणाऱ्या सावकाराचा आजार, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून २०१४ साली धाकट्या भावाला शुगर निघाली तेव्हा माझा विश्वासच बसेना. पाच एकरांचा धनी, वजन ५८ किलो, हातपाय काडीसारखे.

"दादा, मी तं हाडाचा सापळा. मले काहून झाली?" तो म्हणाला.

मला उत्तर देता आलं नाही. पुढं वाचत गेलो, विचारत गेलो, तेव्हा कळलं की याचं उत्तर आमच्या मागच्या दिवसांत आहे.

आमच्या तळ्याचं पाणी खारं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठाला खार धरायचा. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्याची नावं. साबण अन् काच करायला तो जायचा. ऐन-ए-अकबरीतही त्याची नोंद आहे. मोगल, निजाम, इंग्रज सगळ्यांनी त्याचा पैसा केला. पण चिखलात उतरून तो काढला गावच्या मजुरांनी, अंगमेहनतीनं. माझा आजोबा मोट हाकायचा. आजी पहाटे जात्यावर ज्वारी दळायची. नवरात्रात कमळजामायचं दर्शन घ्यायचं तर धारेपासून विवरात खाली उतरायचं अन् तेवढंच चढून वर यायचं. याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. तो रोजचा दिवस होता.

मग विहिरीवर मोटर आली, गावात पिठाची चक्की आली. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. निंदण करायच्या जागी तणनाशक आलं, डवऱ्याच्या जागी ट्रॅक्टर. वावरात जायला मोटारसायकल. कामाचा जाच कमी झाला, हे बरंच झालं. बायांच्या कमरा मोडत होत्या त्या वाचल्या. पण आम्ही स्वतःला अजून कष्टकरीच समजत राहिलो. खरं तर पेरणी अन् काढणीचे दिवस सोडले तर बाकी वर्ष बांधावर उभं राहण्यातच जातं.

तरी भाऊ जाड का झाला नाही? याचं उत्तर पुण्यात मिळालं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' साप्ताहिकात आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के अन् याज्ञिक २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांनी स्वतःची थट्टा केली, की आपली धाव काय ती लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठण्यापुरती. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी आपल्या लोकांची घडण.

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साधारण साडेतीन किलोची. आपल्या बाळांचं मांस कमी भरलं, पण चरबी त्या मानानं शाबूत. अन् ज्या माउल्यांना पोटुशी असताना जास्त कष्ट पडले, त्यांची बाळं आणखी लहान.

हे वाचलं अन् पुस्तक मिटून बसलो. १९७२ च्या दुष्काळात माय दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी बारा वर्षांचा, तिच्याजवळ बसून सुकडी खात होतो. धाकला तेव्हा तिच्या पोटात होता. १९७३ च्या उन्हाळ्यात तो जन्मला, ओंजळीत मावेल एवढा. त्याची शुगर त्या खडीमुळंच झाली असं छातीठोक सांगता येत नाही, अन् मायला दोष देणारा मी कोण? तिनं खडी फोडली म्हणून आम्ही जगलो. पण ज्या कष्टानं बापाचं अंग काटक ठेवलं, तेच कष्ट उपाशी पोटी पडले की पोटातल्या लेकराला महागात पडतात, एवढं मला कळलं.

चालता पाय रक्तातली साखर ओढून घेतो, त्याला इन्सुलिनची फार वाट पाहावी लागत नाही. पोटाच्या आत, यकृतात साठलेली चरबी मात्र इन्सुलिनचा जोर मोडते. चाललं की काटा हलला नाही तरी ही चरबी उतरू शकते. म्हणून वजनाच्या काट्यापेक्षा कंबर बघावी. आपल्याकडं पुरुषाची ९० सेंटिमीटर अन् बाईची ८०, याच्या वर धोका धरतात. मी शिंप्याची टेप आणून भावाची मोजली. ९४ भरली. मग माझी मोजली. ९६!

तेव्हापासून जेवणानंतर आम्ही दोघं चालतो. त्याच्या पायाची एक बोट जखम चिघळल्यानं गेलं, म्हणून आता तो अनवाणी वावरात जात नाही, रोज रात्री तळपाय बघतो. गोळी चुकवत नाही. खिशात साखरेची पुडी ठेवतो, कारण गोळीवर असताना जास्त चाललं तर कधी साखर एकदम खाली येते.

यंदा नवरात्रात कमळजामायला उतरलो. चढताना तो तीनदा बसला, मी चारदा.

"मायनं आपल्याले कडेवर घेऊन हा चढ चढला असन नाही, दादा?"

"तुले कडेवर," मी म्हणालो. "मी मागं रडत होतो."