लष्कराचा भात आणि लुळ्या कोंबड्या

गेल्या वर्षी गावी काकूने कोंबड्या कोंडून ठेवायला सुरुवात केली. शेजाऱ्यांच्या भाजीत शिरतात म्हणून रोजची भांडणं. जाळीचं खुराडं झालं. खायला रेशनचा तांदूळ आणि उरलेला भात. "आम्ही खातो तेच घालते की त्यांना!" दोन महिन्यांत अंडी कमी झाली, कवचं कागदासारखी. काकूच्या मते दृष्ट लागली. मला मात्र जावा बेटावरचा एक आडमुठा स्वयंपाकी आठवला.

इंडोनेशिया डचांच्या ताब्यात होता तेव्हाची गोष्ट. सैनिक आणि कैदी बेरीबेरीने मरत होते. आधी पाय लुळे पडायचे, मग हृदय थांबायचं. जंतूंच्या शोधांचा जमाना, त्यामुळे इथेही जंतूच असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. १८८६ मध्ये तिथे गेलेल्या डच पथकात ख्रिस्तियान आइकमन हा तरुण डॉक्टर होता. पुढे बटाव्हियाच्या (आजचं जाकार्ता) लष्करी इस्पितळात त्याची प्रयोगशाळा झाली. प्रयोगासाठी कोंबड्या पाळलेल्या.

एकदा त्या कोंबड्या झोकांड्या खाऊ लागल्या. जंतू टोचलेल्याही आणि न टोचलेल्याही! आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तर कळलं, खर्च वाचवायला नोकर त्यांना इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला पांढरा भात घालत होता. मग स्वयंपाकी बदलला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही, असं नव्याने ठणकावलं. कोंबड्या परत साध्या, कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या. आइकमनने पुढे तारखाही दिल्या: पांढरा भात १७ जून ते २७ नोव्हेंबर, आजार १० जुलैपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. सरकारी खाक्याने जीव वाचवल्याचं उदाहरण विरळाच, पण हे आहे.

मग फोर्डरमन नावाच्या अधिकाऱ्याने जावातल्या शंभरेक तुरुंगांची पाहणी केली. सडलेला पांढरा तांदूळ मिळायचा तिथे बेरीबेरी साधारण ३९ कैद्यांमागे एकाला. कोंड्यासकट तांदूळ असेल तिथे दहा हजारांमागे एकाला.

गंमत म्हणजे आइकमनला कारण चुकीचंच वाटत होतं. भातात विष आहे आणि कोंडा त्यावर उतारा, असं त्याचं म्हणणं. विष नाही, भातात काहीतरी कमी आहे, हे १९०१ मध्ये त्याच्या जागी आलेल्या ग्रेन्सने मांडलं. १९२६ मध्ये कोंड्यातून ते 'काहीतरी' स्फटिकरूपात निघालं: ब-१ जीवनसत्त्व. १९२९ चं नोबेल आइकमन आणि हॉपकिन्सला मिळालं. ग्रेन्सला नाही.

काकूच्या कोंबड्यांचं दुखणं हे नव्हे, तिथे चुना आणि प्रथिनं कमी पडत होती. पण चूक तीच. मोकळी कोंबडी वाळवी, गोगलगाय, कोवळा पाला टिपते, आपलं ताट आपणच भरते. कोंडलेली कोंबडी मात्र आपण टाकू त्यावरच. योजनेतून पिल्लं वाटतात, फोटो निघतात. पण खायला काय घालायचं हे कुणी नीट बसून सांगतं का?

आता काकू कोंडा, थोडी पेंड आणि सुकटाचा चुरा मिसळते, कालवांची कवचं कुटून वेगळ्या वाटीत ठेवते. संध्याकाळी तासभर कोंबड्या मोकळ्या, तेव्हा स्वतः काठी घेऊन शेजाऱ्यांच्या कुंपणापाशी बसते. अंड्यांची कवचं आता घट्ट आहेत. फक्त गिरणीवाला पूर्वी फुकट द्यायचा तो कोंडा आता विकत घ्यावा लागतो.