ओल्या फडक्याचं डिबगिंग

सॉफ्टवेअरवाल्यांना सगळ्यात जास्त छळणारा बग कुठला? दुसऱ्याला दाखवायला गेलं की गायब होतो तो! या जातीचा आपल्याकडचा मूळपुरुष म्हणजे चालता चालता बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात सुरू होणारी फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाली, पण लोकांच्या तोंडी फियाटच राहिली.

आता विचार करा, मे महिना, परभणीहून ताडकळसकडे निघालात, ऊन चाळीशीपार. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. इंजिन तापलं की पंपातलं नि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप बनवलाय द्रव ढकलायला. वाफ नुसती दबते, पुन्हा फुगते, पुढे काही जात नाही. कार्बोरेटर कोरडा, गाडी ठप्प. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

पण गंमत पुढे आहे. इग्निशन कॉइल तापून दगा देते तेव्हाही लक्षणं अगदी हीच! म्हणजे सावलीत थांबून गाडी सुरू झाली तरी दोष कळत नाही, कारण तेवढ्यात दोन्ही थंड झालेले असतात. (आणि मग गॅरेजवाला एकेक पार्ट बदलत सुटतो, आपल्या खर्चाने.) जुने ड्रायव्हर म्हणून फक्त पंपावर ओलं फडकं टाकायचे. लगेच गाडी सुरू झाली तर दोष पेट्रोलचा. नाही झाली तर स्पार्क तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. याला मी तरी जुगाड म्हणणार नाही, हा चक्क प्रयोग आहे.

२००० साली देशभर प्रदूषणाचे नवे नियम आले, त्याच सुमारास नव्या पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटर हद्दपार झाला. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत बुडलेला, नळीत साधारण तीन बार दाब; पेट्रोल सहजी उकळत नाही. व्हेपर लॉक जवळपास संपला.

बग मात्र संपला नाही! आता क्रँक सेन्सर तापला की सिग्नल तुटतो, निवला की परत येतो. स्कॅनरवर कधी कोड सापडतो, कधी नाही. अशा वेळी गाडी बंद असतानाच स्टार्टर मारायचा आणि स्कॅनरवर आरपीएम बघायचा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्यच, तर आधी सेन्सर आणि त्याची वायर धरायची.