किल्ली परत घेण्याची वेळ

रोमच्या प्राचीन कायद्यांत पतिपत्नींच्या फारकतीची एक बोलकी खूण होती. घरच्या किल्ल्या स्त्रीकडून परत घेतल्या, कीं संबंध संपला असें मानीत. हा रिवाज ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील 'बारा पाट्यां'च्या कायद्याचा. पुढें सुमारें चारशें वर्षांनीं, ख्रि. पू. ४४ मध्यें, सिसेरोनें अँटनीची टर उडवितांना त्याचाच आधार घेतला. आपल्या नटीला घालवून देतांना या गृहस्थानें बारा पाट्यांस अनुसरून तिच्या किल्ल्या काढून घेतल्या, असा तो टोमणा होता. आपल्याकडे सासूनें सुनेच्या हातीं किल्ल्यांचा जुडगा दिला म्हणजे संसार सोंपविला जातो; रोमन लोकांनीं त्याच कल्पनेची उलटी बाजू कायद्यांत बसविली, एवढेंच.

पण परत आलेल्या किल्लीचा ठसा मेणावर उमटवून ठेवलेला नाहीं, हें कशावरून? ही शंका किल्ली परत घेऊन फिटत नाहीं. तिला उपाय एकच. जुन्या किल्लीनें कुलूप उघडूंच नये.

इंग्लंडांतील नामांकित कारागीर मात्र दीर्घकाळ दुसऱ्याच चोराच्या मागें लागले होते. किल्लीवांचून कुलूप उघडणारा तो चोर! जोसेफ ब्रामा यानें १७८४ सालीं आपल्या कुलपाचें पेटंट घेतलें, आणि तें उघडणारास २०० गिनींचें बक्षीस लावून तें दुकानाच्या खिडकींत मांडण्यांत आलें. १८१७ मध्यें पोर्टस्मथच्या गोदींत चोरी झाल्यावर सरकारनें नव्या कुलपासाठीं इनाम जाहीर केलें. तें मिळविणाऱ्या जेरेमाया चब याच्या १८१८ च्या कुलपांत एक खुबी होती. खोट्या किल्लीनें लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला गेला कीं तो अडकून बसे, आणि कोणीतरी हात घातला होता हें मालकास कळे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठीं आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकनानें चबचें कुलूप २५ मिनिटांत उघडलें. ब्रामाच्या कुलपास त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. लंडनांत मोठा गहजब झाला. वस्तुतः ५१ तास कुलपाशीं खपणारा चोर कोणाच्या घरीं येतो? चबची खूण उपयोगी खरी, पण ती खोट्या हत्यारापुरती. काढून टाकलेला नोकर खऱ्या किल्लीनें आंत शिरला, तर तें कुलूप बिचारें मुकाट्यानें उघडणार!

या दृष्टीनें पाहतां हॉब्जनें जीं कुलपें उघडलीं त्यांहून त्यानें जें बरोबर आणलें होतें तें अधिक मननीय आहे. त्याच्या किल्लीचे दाते सुटे असत. त्यांचा क्रम बदलून कुलूप लावलें, कीं तें नव्या क्रमास जुळे व जुना क्रम निकामी होई. परंतु तें अवजड, महाग आणि पेढ्यांसाठींच केलेलें. सामान्य दारापर्यंत ही सोय आली ती लायनस येल (धाकटा) याच्या १८६१ व १८६५ च्या पेटंटांमुळें. त्याच्या कुलपांत लहानमोठ्या खुंट्या एका नळकांड्यांत बसविलेल्या असतात. त्या काढून निराळ्या उंचीच्या घातल्या, कीं दाराला हात न लावतां किल्ली बदलते.

मुंबईंतील प्रयत्न याहूनही चतुर होता. आर्देशिर गोदरेज हे मूळचे वकील. १८९४ मध्यें झांझिबारला एका खटल्यांत असत्याची कांस धरण्याचा प्रसंग येतांच त्यांनीं वकिलीस रामराम ठोकला. पुढें शस्त्रक्रियेचीं हत्यारें करण्याचा उद्योग काढला. त्यांवर हिंदुस्थानी बनावटीचा शिक्का गिऱ्हाइकास नको होता, तेव्हां तोही सोडला. १८९७ मध्यें मुंबईंतील घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्यांनीं लालबागेंत कुलपांचा कारखाना घातला. न सुटणाऱ्या गांठीची आठवण देणारें त्यांचें 'गॉर्डियन' कुलूप दोन किल्ल्यांसह मिळे. उघडझांप दोहोंनींही होई. पण त्यांतील एक किल्ली अशी, कीं तिनें कुलपाची आंतील रचना बदलतां येई आणि दुसरी कायमची निरुपयोगी ठरे.

बिऱ्हाडें बदलणाऱ्या, नोकर येणाऱ्या-जाणाऱ्या शहरास याहून उचित कुलूप कोणतें असणार? नव्या घरांत पाऊल ठेवतांच, किल्ली हरवतांच, विश्वासांतला माणूस दुरावतांच मालकानें ती एक किल्ली फिरवावी. जुनी मागण्याचा अवघड प्रसंगही टळावा. अर्थात् दोहोंपैकीं कोणती किल्ली नोकराच्या हातीं द्यावयाची, एवढें ध्यानांत ठेवण्याचें काम मालकाकडेच राही. आज येलच्या पद्धतीच्या कुलपांत तेवढेंही लागत नाहीं. माहीतगार कारागीर नळकांडें सोडवून खुंट्या बदलतो, आणि तेंच कुलूप नव्या किल्लीनें पुन्हां दारावर चढतें.