लास्ट नेम सक्तीचं कोणी केलं?

आजचा भाग आमच्या धंद्यातला आहे, पण कोडिंग येत नसेल तरी ऐका, कारण विषय तुमच्या नावाचा आहे. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं आणि बँकेच्या ॲपमध्ये अर्धवट कापलेलं, तेच ते नाव.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकायला बसलं की पहिल्या-दुसऱ्या लेक्चरलाच सर फळ्यावर ‘पर्सन’ नावाचा क्लास लिहितात. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून निघालेली एकेक वस्तू. साच्यात रकाने असतात: फर्स्ट नेम, लास्ट नेम, जन्मतारीख, जेंडर. बीटेकच्या चार वर्षांत मी हा क्लास निदान दहा वेळा लिहिला असेल. हेच चार रकाने का, हा प्रश्न मात्र परीक्षेत कधी आला नाही.

माणसाचे रकाने पाडणं कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या मशीनने भोकं पाडलेली कार्डं मोजली होती. पुढे १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड आणलं आणि तेच कार्ड कित्येक दशकं चाललं. एका अक्षराला एक रकाना. जागा इतकी मोजूनमापून, की सालाचे चारऐवजी दोनच आकडे लिहायची सवय लागली, आणि त्या सवयीचं बिल १९९९ साली सगळ्या जगाने भरलं. असो, तो वेगळा भाग होईल.

आपल्याला जायचंय ओस्लोला. १९६० च्या दशकात तिथल्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी ‘सिम्युला’ ही भाषा बनवली. १९६७ च्या आवृत्तीत क्लास आणि सबक्लास आले. आज आपण जावा, पायथन, सी प्लस प्लसमध्ये जे करतो त्याचं मूळ तिथे आहे. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला तोही यासाठीच.

सिम्युला बनली होती सिम्युलेशनसाठी, म्हणजे खऱ्या जगातल्या रांगा, काउंटर, यंत्रं यांची नक्कल कॉम्प्युटरमध्ये चालवून बघण्यासाठी. अशा नकलेतल्या रांगेत पन्नास गिऱ्हाइकं उभी असतील तर त्यांना नाव नसतं, आडनाव नसतं. दोघांचे सगळे आकडे सारखे असले तरी ती दोन वेगळी गिऱ्हाइकं असतात. पहिल्याचं काम झालं म्हणून दुसरा घरी जात नाही. म्हणजे ऑब्जेक्ट कोण आहे हे त्याच्या रकान्यांत काय लिहिलंय यावर ठरत नाही. रकाने बदलले तरी ऑब्जेक्ट तोच राहतो. १९८६ मध्ये सेत्राग खोशाफियान आणि जॉर्ज कोपलंड यांनी ‘ऑब्जेक्ट आयडेंटिटी’ नावाच्या पेपरमध्ये हेच नीट मांडलं: एखाद्या गोष्टीची ओळख वेगळी, तिची किंमत वेगळी आणि तिला हाक मारायचं नाव वेगळं.

आता योगायोग बघा. त्याच नॉर्वेत १९६४ मध्ये प्रत्येक नागरिकाला एक ११ आकडी क्रमांक द्यायला सुरुवात झाली. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे. नववा आकडा विषम असला तर पुरुष, सम असला तर स्त्री. शेवटचे दोन तपासणीचे, आणि ते एर्न्स्ट सेल्मर या गणितज्ञाने इतके हुशारीने बसवले की लिहिताना आकडा चुकला तर बहुतेक वेळा लगेच कळतं. गणित म्हणून सुंदरच आहे हे. पण माणसाची ओळख त्यात थेट रकान्यांपासूनच बनवली होती. २०१६ पासून नॉर्वेत स्वतःच्या अर्जावर कायदेशीर लिंगनोंद बदलता येते. बदलली की क्रमांकही बदलतो, आणि मग जिथे जिथे जुना क्रमांक आहे तिथे तिथे सांगत फिरायचं की बाबांनो, मी तोच माणूस आहे. एकाच शहरात, एकाच दशकात, एका खोलीत ‘ओळख म्हणजे रकाने नव्हेत’ हे भाषेत उतरत होतं आणि सरकारी नोंदवहीत नेमकं उलटं चाललं होतं.

बाकीच्या जगाने यातलं दुसरंच उचललं. १९८८ मध्ये टेलिफोन आणि दळणवळणवाल्यांनी एक्स-५०० नावाचं मानक आणलं. ही एक जागतिक डिरेक्टरी, टेलिफोन डायरीची थोरली बहीण समजा. १९९० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात तिची हलकी आवृत्ती तयार झाली, एलडॅप. आज ऑफिसात एका पासवर्डने सगळीकडे लॉगिन होतं, त्यामागे बऱ्याचदा हीच असते. तिच्यात चक्क ‘पर्सन’ नावाचा क्लास आहे, त्याच्या पोटी ‘ऑर्गनायझेशनल पर्सन’ आणि त्याच्या पोटी ‘इनेट-ऑर्ग-पर्सन’. आणि त्या मूळ पर्सनमध्ये दोनच गोष्टी सक्तीच्या आहेत: कॉमन नेम आणि सरनेम. जन्मतारीख नसली तरी चालेल, फोन नसला तरी चालेल, पत्ता नसला तरी चालेल. आडनाव नसेल तर मात्र नोंदच होत नाही.

म्हणजे आडनाव नाही त्याने माणूस कसं व्हायचं? तामिळनाडूत कित्येकांना आपल्या अर्थाने आडनाव नसतं. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव, झालं. इंडोनेशियात एकच नाव असणारे ढिगाने आहेत. सुकार्नो राष्ट्राध्यक्ष झाले ते एकाच नावावर. एलडॅपमध्ये अशांची नोंद करताना ॲडमिन मंडळी सरनेमच्या जागी टिंब टाकतात किंवा तेच नाव दोनदा लिहितात. अमेरिकेच्या व्हिसावर तर पासपोर्टमध्ये एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापतात, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. ज्याला जन्मापासून त्याच एका नावाने हाक मारतात त्याचंच नाव अज्ञात! नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही असं जाहीर केलं, आणि विमान कंपन्यांनी तसे सूचनापत्र काढले. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, हा खुलासा नंतर आला.

आपल्याकडे आडनाव आहे, त्यामुळे आपण मराठी लोक या भानगडीतून सुटलो असं वाटतं. पण आपली अडचण मधल्या नावाची आहे. अमेरिकन फॉर्मातलं मिडल नेम हे त्या माणसाचं स्वतःचंच दुसरं नाव असतं. आपलं मधलं नाव दुसऱ्याच माणसाचं असतं: वडिलांचं किंवा नवऱ्याचं. कोडच्या भाषेत बोलायचं तर ती साधी अक्षरांची ओळ नाही, तो दुसऱ्या पर्सन ऑब्जेक्टकडे केलेला इशारा आहे, पॉइंटर. लग्न झालं की बाईच्या नावातला हा पॉइंटर वडिलांवरून उचलून नवऱ्यावर ठेवतात. आडनावही बदलतं, काही घरांत तर पहिलं नावसुद्धा. फर्स्ट, मिडल, लास्ट, तिन्ही रकाने एका दुपारीत नवे.

आता जावात एक गोष्ट करून बघा, कॉलेजात असाल तर आजच. हॅशसेट म्हणजे कप्प्यांचं कपाट समजा. वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवायची हे तिच्या हॅशकोडवरून ठरतं. पर्सनचा हॅशकोड आणि इक्वल्स हे दोन्ही नावावरून काढायचे असं लिहा. सुनंदा नावाची एक पर्सन सेटमध्ये टाका, मग तिचं नाव बदला. आता सेटला विचारा, ही आहे का तुझ्याकडे? उत्तर येतं, नाही. सेटमधले सगळे ऑब्जेक्ट एकेक करून छापा, त्यात ती दिसते! नव्या नावाने शोधलं तर बहुतेक वेळा भलताच कप्पा उघडतो. जुन्या नावाने शोधलं तर कप्पा बरोबर, पण आतल्या बाईचं नाव जुळत नाही. आतमध्ये आहे, जागा अडवून आहे, फक्त सापडत नाही.

माझ्या मावशीचे साठवलेले पैसे एका कार्यालयात चौदा महिने अडकले होते ते असेच. नोकरीला लागली तेव्हा माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नाचा दाखला दिला, प्रतिज्ञापत्र दिलं, शेवटी राजपत्रात नाव छापून आणलं. खिडकीतल्या माणसाला कळत होतं की बाई तीच आहे. “स्क्रीन घेत नाही हो मावशी,” हे त्याचं वाक्य. मला त्या माणसाचा राग येत नाही. ज्याने इक्वल्स लिहिलं त्याच्याशी बोलायचंय.

याला उत्तर नाही असं अजिबात नाही. एरिक इव्हान्सने २००३ च्या ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ या पुस्तकात एंटिटी आणि व्हॅल्यू ऑब्जेक्ट असे दोन गट पाडले. माणूस एंटिटी, त्याचं नाव व्हॅल्यू. आरोग्याच्या क्षेत्रात एफएचआयआर नावाचं मानक आहे, ‘फायर’ म्हणतात त्याला, आणि आपल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही तेच वापरतात. त्यात पेशंटला एक नाव नसतं, नावांची यादी असते. प्रत्येक नावाला ते कशासाठी, म्हणजे अधिकृत, नेहमीचं, लग्नाआधीचं की जुनं, आणि कधीपासून कधीपर्यंत, हे लिहिता येतं. आडनाव रिकामं ठेवलं तरी चालतं. माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईच्या नोंदीत शेजारी शेजारी राहू शकतं. मला हे डिझाइन मनापासून आवडतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी कधीतरी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून बघितलं असणार.

आधारचंही श्रेय आधारला द्यायला हवं. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. १२ आकड्यांत जन्मतारीख, लिंग, राज्य, काहीही दडवलेलं नाही. शेवटचा आकडा फक्त तपासणीचा. नावाचा रकाना एकच, त्यात एक शब्द लिहा नाहीतर पाच. जन्मतारखेला चिठ्ठी जोडलेली असते: कागदाने सिद्ध, स्वतः सांगितलेली, की अंदाजे. ज्या राज्यात निम्म्या आज्या-आजोबांचा वाढदिवस शाळेतल्या गुरुजींच्या कृपेने १ जूनला येतो, तिथे ‘अंदाजे’ हा पर्याय ठेवणं हा मोठा समजूतदारपणा आहे. पण हा क्रमांक मागणारी पुढची सिस्टीम क्रमांकावर थांबत नाही. ती नावाची अक्षरंही जुळवते, आणि मावशी पुन्हा खिडकीशी.

आणि आता नवीन. ११ मार्च २०२४ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव सक्तीचं. क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अनाथ मुलांना यातून सूट आहे. विवाहित स्त्रियांसाठी मात्र स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही चालू पद्धत तशीच ठेवली. एका नावात दोन पॉइंटर आले, आणि मला विचाराल तर दोन्ही योग्य जागी आले.

फक्त एक हिशोब करा. मे २०२४ मध्ये जन्मलेली मुलं जून २०३० मध्ये पहिलीच्या वर्गात बसतील. त्यांचा फॉर्म भरताना आईचं नाव मिडल नेममध्ये टाकायचं, वडिलांचं लास्ट नेममध्ये ढकलायचं, की दोन्ही एकाच चौकटीत कोंबायचं? असे तीन चौकटींचे फॉर्म ज्यांच्या कोडमध्ये आहेत त्यांच्या हातात आज थोडी वर्षं आहेत. तुमच्यापैकी कुणी शाळांचं किंवा दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बनवत असेल तर आपला पर्सन क्लास एकदा उघडून बघा, आणि आत काय सापडलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात.